नारंग, पोर्तुगाल आणि मोसंबी

ग्रीक भाषेत गोड नारिंगाला ‘पोर्तोकाली’ म्हणतात, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, अरबीत ‘बुर्तुकाल’, फारसीत ‘पोर्तेगाल’, रुमानियनमध्ये ‘पोर्तोकाला’ आणि इथिओपियातील अम्हारिक भाषेत ‘बिर्तुकान’. परंतु ज्या देशाच्या नावावरून हे सगळे शब्द घडले, त्या पोर्तुगालमध्ये मात्र याच फळाला ‘लारांजा’ म्हणतात आणि तो शब्द मुळात भारतातून निघून तेथे पोचलेला आहे. जर्मन, डच, स्वीडिश आणि रशियन भाषांनी हे फळ चीनच्या नावावर घातले, तर मराठीने त्याची एक जात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका बेटाच्या नावावर घातली. फळाचा जन्म यांपैकी पोर्तुगालमध्येही झाला नाही आणि आफ्रिकेतही नाही. परदेशी फळाला लोक जे नाव देतात त्यात बहुधा ते फळ आणून देणाऱ्याची आठवण राहते, आणि आणणारे बदलले की नावही बदलते, हे जितक्या स्पष्टपणे नारंग या शब्दाच्या प्रवासात दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

नावांच्या या गुंत्यात शिरण्यापूर्वी फळे वेगळी करून घेणे आवश्यक आहे, कारण लिंबूवर्गीय फळांचा आपसांत सहज संकर होतो आणि त्यांच्या नावांचाही तसाच संकर झालेला आहे. 2018 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांताचा पश्चिम भाग या टापूत झाला. बाजारातील बहुतेक लिंबूवर्गीय फळे ज्या मोजक्या मूळ जातींच्या संकरातून निपजली, त्यांतील तीन प्रमुख जाती म्हणजे महाळुंग, पपनस आणि मँडरिन. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते महाळुंग. पपनस हे जाड सालीचे, मोठ्या आकाराचे फळ. आणि सहज सुटणाऱ्या सैल सालीचे मँडरिन म्हणजे नागपुरी संत्र्याचे घराणे. पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आंबट-कडू नारिंग जन्मले. त्याच दोघांच्या वेगळ्या आणि अधिक गुंतागुंतीच्या मिश्रणातून गोड नारिंग तयार झाले आणि मोसंबी ही त्या गोड नारिंगाचीच एक जात आहे. आंबट नारिंग, गोड नारिंग आणि संत्रे ही तीन फळे मनात वेगळी ठेवली, तर पुढचा सारा प्रवास उलगडत जातो.

संस्कृतमध्ये या फळाला ‘नारंग’ आणि ‘नागरंग’ अशी दोन नावे आहेत. वैदिक वाङ्मयात त्यांपैकी एकही आढळत नाही; आयुर्वेदाच्या संहितांमध्ये मात्र हे फळ येते, आणि ते आंबटगोड, रुची आणणारे पण पचायला जड असल्याचे तेथे सांगितले आहे. वेदांमध्ये नसलेला आणि संस्कृत धातूंपासून ज्याची समाधानकारक उपपत्ती लागत नाही असा वनस्पतिवाचक शब्द दिसला, की अभ्यासक सहसा दक्षिणेकडे वळतात, आणि या बाबतीत ते वळणे फलदायी ठरले आहे. तमिळमध्ये ‘नारत्तंगाय’ हे लोणच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका लिंबूवर्गीय फळाचे नाव आहे, तेलुगूत ‘नारिंज’ आहे आणि मल्याळममध्ये ‘नारंङ’ आहे. या शब्दांच्या अखेरचा भाग म्हणजे ‘काय’, अर्थात कच्चे फळ, हा द्राविडी भाषांतील अत्यंत जुना आणि सर्वत्र आढळणारा शब्द होय. तमिळमधील ‘मांगाय’ आणि मल्याळममधील ‘मांङ’ या आंब्याच्या नावांतही तोच आहे, आणि केरळच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी उचललेल्या त्या शब्दातून पुढे ‘मांगा’ आणि इंग्रजी ‘मँगो’ तयार झाले. ‘नारंङ’मधील पूर्वपदाचा संबंध बरेच अभ्यासक ‘नरु’ म्हणजे सुगंधी या द्राविडी शब्दाशी जोडतात. तसे मानले तर नारंग म्हणजे सुवासाचे कच्चे फळ, आणि हा अर्थ फळाशी जुळतोही. कारण मूळचे आंबट नारिंग हे सोलून तोंडात टाकण्याचे फळ नव्हे. त्याची किंमत सालीतील तेलाच्या वासात होती, लोणच्यात होती, औषधात होती. गोडीचा या नावाशी काहीही संबंध नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे गोडीमुळेच या नावाला कित्येक देशांत आपली जागा सोडावी लागली.

‘नागरंग’ हे रूप मात्र वेगळ्या प्रकारचे दिसते. अनोळखी शब्दाचा अर्थ लागत नसला की बोलणारे त्यातील ध्वनींना ओळखीच्या शब्दांचे रूप देतात आणि मग त्या ओळखीच्या शब्दांवरून अर्थही लावतात; या प्रक्रियेला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘नाग’ या संस्कृत शब्दाला साप, हत्ती आणि शिसे असे तीन अर्थ असल्यामुळे आणि शेंदूर शिशापासूनच होत असल्यामुळे ‘नागरंग’ म्हणजे शेंदरी रंगाचे फळ, असा अर्थ सहज बसला असावा. अमरकोशात नागरंगाला ‘ऐरावत’ असाही पर्याय दिलेला आहे, आणि तो देणाऱ्यांच्या मनात नाग या शब्दाचा हत्ती हा अर्थ असणे शक्य आहे. फळाच्या नावाला अशी नवी अर्थवत्ता चिकटण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे युरोपातही नेमके हेच घडले.

उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे जाताना शब्द फारसीत ‘नारंग’ म्हणूनच राहिला. अरबीत ‘ग’ हा ध्वनी नसल्यामुळे त्याचा ‘नारंज’ झाला, आणि हे अरबी रूप ज्या व्यापाऱ्यांच्या व बागाइतदारांच्या तोंडी होते त्यांनी फळ आणि शब्द दोन्ही भूमध्य समुद्राच्या काठी पोचवले. दहाव्या शतकातील प्रवासी आणि इतिहासकार अल्-मसूदी याने लिहून ठेवले आहे की, नारंज हे झाड हिजरी सन 300 नंतर, म्हणजे इसवी सन 912 च्या पुढे, हिंदुस्थानातून आणले गेले, आधी ओमानमध्ये लावले गेले आणि तेथून बसरा, इराक व सीरियाकडे पसरले. मात्र भारतातील माती, पाणी आणि हवा तेथे न मिळाल्यामुळे त्याचा मूळचा सुगंध आणि रंग नाहीसा झाला. दहाव्या शतकातल्या या लेखकालाही नारंगाबद्दल सांगण्यासारखी पहिली गोष्ट सुगंधाचीच वाटावी, यावरून नावाचा मूळ अर्थ विसरला गेला तरी फळाचे मोल कशात होते हे ध्यानात येते.

अरबांच्या राज्यात नारंज स्पेनमध्ये स्थिरावले आणि स्पॅनिश भाषेत ते ‘नारांहा’ झाले, ज्यात आरंभीचा ‘न’ अजून शाबूत आहे. पोर्तुगीजमध्ये त्याचे ‘लारांजा’ झाले. एका शब्दात सारखे ध्वनी दोनदा आले की उच्चार सुकर करण्यासाठी त्यांतील एक बदलतो, याला विषमीकरण म्हणतात. ‘नारांजा’मधील दोन अनुनासिकांपैकी पहिल्याचा येथे ‘ल’ झाला. मराठी वाचकाला हा बदल परका वाटू नये, कारण संस्कृत ‘लांगल’ या शब्दापासून मराठीत ‘नांगर’ झाला तेव्हा नेमकी याच्या उलट वाट चालली गेली: तेथे दोन ‘ल’ होते, त्यांतील पहिल्याचा ‘न’ झाला आणि दुसऱ्याचा ‘र’. इटलीत आणि फ्रान्समध्ये मात्र पहिला वर्ण बदलला नाही, तो गळूनच पडला. इटालियनमध्ये ‘एक’ या अर्थाचे ‘ऊना’ हे पद शब्दाआधी येते. ‘ऊना नारांचा’ असे जलद बोलताना ‘न’ अलीकडच्या पदाचा की पलीकडच्या, हे कानाला कळत नाही, आणि अशा चुकीच्या पदच्छेदातून ‘आरांचा’ हे रूप रूढ झाले. फ्रेंचमध्येही तसेच झाले, आणि तेथे आणखी एक गोष्ट घडली. फ्रेंच भाषेत सोन्याला ‘ऑर’ म्हणतात. पिवळ्याधमक फळाच्या नावात लोकांना सोने दिसू लागले आणि आरंभीचा ‘आ’ जाऊन ‘ओ’ आला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘औरान्तियुम’ असे नाव झाले, ज्यात लॅटिन ‘औरुम’ म्हणजे सोने स्पष्ट दिसते, आणि आंबट नारिंगाच्या शास्त्रीय नावात ते आजही आहे. भारतात ज्या शब्दात शेंदूर शोधला गेला, त्याच शब्दात फ्रान्समध्ये सोने सापडले.

इंग्रजी ‘ऑरेंज’ फ्रेंचमधून आला. इंग्रजीतील ‘अ नॉरेंज’ या उच्चाराचे ‘अॅन ऑरेंज’ झाले, अशी उपपत्ती पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, परंतु ती बरोबर नाही. हा ‘न’ इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोचण्यापूर्वीच गळालेला होता. इंग्रजीने मात्र या शब्दाला एक नवे काम दिले. जुन्या इंग्रजीत या रंगासाठी स्वतंत्र नाव नव्हते, त्यासाठी ‘पिवळट तांबडा’ असा जोडशब्द वापरावा लागे, आणि रॉबिन नावाच्या पक्ष्याची नारिंगी छाती इंग्रजीत अद्याप ‘तांबडी’ म्हणवली जाते ती त्या काळाची खूण आहे. फळ बाजारात रुळल्यावर सोळाव्या शतकाच्या आरंभी त्याचे नाव रंगालाही मिळाले. मराठीत केशरी, शेंदरी आणि भगवा असे या रंगछटांचे बारकावे दाखवणारे स्वतंत्र शब्द आहेत, आणि ‘नारिंगी’ हा त्यांतील केवळ एक. इंग्रजीला मात्र एका फळाच्या नावावरच सगळी भिस्त ठेवावी लागली.

फ्रान्सच्या दक्षिणेस ऑरांज नावाचे शहर आहे, पण त्याच्या नावाचा फळाशी मुळात संबंध नाही. इसवी सनापूर्वी 35 च्या सुमारास तेथे रोमन सैनिकांची वसाहत झाली तेव्हा त्या जागेचे नाव ‘अरौसिओ’ होते, जे केल्टिक लोकांच्या एका जलदेवतेचे नाव आहे. उच्चार झिजत झिजत या नावाचे रूप फळाच्या नावासारखे झाले. 1544 मध्ये या शहराचे संस्थान नासाऊ घराण्यातील विल्यम याला वारसाहक्काने मिळाले. त्यानेच पुढे नेदरलँड्सच्या स्वातंत्र्ययुद्धाचे नेतृत्व केले, आणि त्याच्या घराण्याच्या नावामुळे नारिंगी हा डच लोकांचा राष्ट्रीय रंग झाला. जलदेवतेचे नाव, फळाचे नाव आणि रंगाचे नाव अशा तीन निराळ्या गोष्टी केवळ ध्वनिसाम्यामुळे एकत्र आल्या. डच भाषेत रंगाला ‘ओरान्ये’ म्हणतात, पण फळाला ‘सिनासआपल’ म्हणजे चीनचे सफरचंद म्हणतात.

चीनचे नाव आणि पोर्तुगालचे नाव ही दोन्ही गोड नारिंगाबरोबर आली. आतापर्यंत सांगितलेला सारा प्रवास आंबट नारिंगाचा होता. गोड नारिंग युरोपला पंधराव्या शतकात माहीत झाले, परंतु त्याचे सरस वाण पोर्तुगीज जहाजांनी आशियातून नेले आणि तेव्हापासून त्याचा सर्वत्र प्रसार झाला. उत्तर युरोपातील बंदरांमध्ये ते ‘चीनचे सफरचंद’ म्हणून ओळखले गेले, त्यावरून जर्मन ‘आप्फेलझीने’, स्वीडिश ‘अपेल्सीन’ आणि रशियन ‘अपिल्सीन’ हे शब्द झाले. परक्या फळाला सफरचंद म्हणण्याची युरोपची सवय इतकी जुनी आहे की फ्रेंच लोक बटाट्यालाही ‘जमिनीतले सफरचंद’ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील लोकांना मात्र हे फळ पोर्तुगालहून येणारे म्हणून कळले. गोड फळाने आंबट फळाचे नाव घेतले नाही, उलट दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदू लागली. ग्रीकमध्ये ‘नेरांत्झी’ हे आंबट नारिंग आहे आणि अथेन्सच्या रस्त्यांच्या कडेला जी फळांनी लगडलेली झाडे दिसतात ती त्याचीच, तर ‘पोर्तोकाली’ हे गोड नारिंग. अरबीत ‘नारंज’ आणि ‘बुर्तुकाल’ यांच्यात हाच भेद आहे. फारसीने तर तीन थर जपले आहेत: आंबट फळाला ‘नारेंज’, गोड फळाला ‘पोर्तेगाल’ आणि संत्र्याच्या जातीच्या फळाला ‘नारंगी’. पोर्तुगाल हे देशनावही दौरो नदीच्या मुखाजवळील ‘पोर्तुस काले’ या जुन्या ठिकाणावरून आलेले असून ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर. त्यामुळे तेहरानच्या फळबाजारात पोर्तेगाल मागणारा माणूस नकळत एका दूरच्या बंदराचे नाव घेत असतो.

मराठीतील ‘मोसंबी’ हा शब्द याच सागरी इतिहासाचा दुसरा तुकडा आहे. लिस्बनहून गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक बेटावर थांबत, आणि 1752 पर्यंत तेथील पोर्तुगीज वसाहतीचा कारभार गोव्यातूनच चालत असे. या वाटेने पश्चिम भारतात आलेल्या गोड नारिंगाला मोझांबिकचे म्हणून ‘मोसंबी’ किंवा ‘मोसंबे’ हे नाव मिळाले. पोर्तुगीजमध्ये त्या बेटाच्या नावातील व्यंजन ‘झ’ नसून ‘स’ आहे. इंग्रजीच्या वळणाने मराठीत देशाचे नाव ‘मोझांबिक’ असे लिहिले जात असले तरी फळाच्या नावातील ‘स’ मूळ पोर्तुगीज उच्चाराची साक्ष देतो, आणि शब्द इंग्रजांच्या आधी, थेट पोर्तुगिजांशी आलेल्या संपर्कातून मिळाला हे त्यावरून कळते. त्या बेटाला नाव पोर्तुगीज येण्यापूर्वी तेथे सत्ता असलेल्या मुसा बिन बिक या अरब शेखावरून पडले असे मानले जाते. जालन्याच्या बागेत पिकणाऱ्या फळाच्या नावात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका शेखाचे नाव दडलेले असणे ही हिंदी महासागराच्या इतिहासातील फार सुंदर गोष्ट आहे. ग्रीक ‘पोर्तोकाली’ आणि मराठी ‘मोसंबी’ ही एकाच फळाची नावे एकाच जलमार्गाच्या दोन थांब्यांवरून पडली आहेत. ज्याला जो थांबा जवळचा, त्याने त्याचे नाव घेतले.

‘संत्रे’ या शब्दाची कथा इतकी सरळ नाही. लिस्बनजवळ सिंत्रा नावाचे गाव आहे आणि त्यावरूनच ‘संत्रा’ हा शब्द आला, असे एकोणिसाव्या शतकापासून अनेकांनी लिहिले आहे. मोसंबीचा इतिहास पाहता ही उपपत्ती मनाला पटण्यासारखी वाटते, पण तिच्या आड एक भक्कम साक्ष येते. 1526 नंतर हिंदुस्थानातील फळांचे वर्णन लिहिताना बाबराने आपल्या आत्मचरित्रात ‘संगतरा’ या फळाची नारंजाशी तुलना केली आहे, आणि त्याच ठिकाणी महाराष्ट्रातील बागाइतदारांना ‘जंभेरी’ म्हणून परिचित असलेल्या लिंबाच्या जातीचेही नाव आले आहे. बाबराने हे लिहिले तेव्हा पोर्तुगीज गोव्यात येऊन वीस वर्षेही झाली नव्हती. इतक्या अल्पकाळात किनाऱ्यावरून एक शब्द आणि एक फळ आग्र्यापर्यंत जाऊन तेथे इतके रुळले की परक्या बादशहाला ते हिंदुस्थानचे फळ म्हणून दाखवले गेले, हे मान्य करणे अवघड आहे. शिवाय सिंत्र्याशी जोडले गेलेले फळ गोड नारिंग, आणि भारतातील संत्रे हे मँडरिन, म्हणजे आशियातच पूर्वापार असलेले फळ. तेव्हा सिंत्र्याची उपपत्ती ही विद्वानांच्या हातून झालेली लोकव्युत्पत्तीच मानावी लागते.

नागपूरकडे हे फळ औरंगाबादहून गेले. अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी तेथून रोपे आणून आपल्या परसबागेत लावली अशी नोंद आहे, आणि पुढे काटोल, मोर्शी, वरुड या भागांत जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेल्या कलमांच्या बागा पसरल्या, जेथे झाडाला पाण्याचा ताण देऊन आंबिया किंवा मृग बहार धरण्याचे शास्त्र शेतकऱ्यांनी अनुभवाने विकसित केले. भौगोलिक मानांकनाच्या इंग्रजी नोंदीत नागपूरच्या फळाला ‘ऑरेंज’ आणि जालन्याच्या फळाला ‘स्वीट ऑरेंज’ म्हटले आहे, त्यामुळे ही एकाच फळाची दोन वाणे असल्याचा समज होतो. मराठीत संत्रे आणि मोसंबी यांची गल्लत लहान मूलही करत नाही. या बाबतीत मराठी शब्दसंपत्ती वनस्पतिशास्त्राच्या अधिक जवळ आहे.

संत्र्याचे शास्त्रीय चर्चेतील नाव ‘मँडरिन’ हे मात्र पुन्हा भारतातच येऊन थांबते. संस्कृत ‘मंत्रिन्’ हा शब्द मलाय भाषेत ‘मंतेरी’ म्हणून गेला, मलाक्काच्या परिसरात तो पोर्तुगिजांनी ऐकला आणि त्याचे ‘मांदारीं’ केले, व चीनमधील बादशाही अधिकाऱ्यांसाठी तो वापरू लागले. तेथून तो इतर युरोपीय भाषांत गेला आणि पुढे चीनहून आलेल्या या सैल सालीच्या फळालाही लागला. अधिकाऱ्यांच्या झग्यांच्या रंगावरून तो लागला असावा, असा एक तर्क आहे. म्हणजे युरोपीय नावांच्या तळाशी गेल्यास नारिंगाच्या मुळाशी सुवास येतो आणि संत्र्याच्या मुळाशी मंत्री येतो, आणि दोन्ही शब्द भारतातून बाहेर पडलेले आहेत.

बाहेर गेलेला शब्द परतही आला. इंग्रजी ‘ऑरेंज’ भारतातील भाषांमध्ये शिरला. मराठीत तो रसाच्या खोक्यांवर आणि रंगांच्या पेट्यांवर आहे, तमिळमध्ये तो ‘आरंजु’ झाला आहे आणि मल्याळममध्येही तो फळाच्या नावासाठी रूढ आहे. मल्याळममधील मूळ ‘नारंङ’ आज प्रामुख्याने लिंबासाठी वापरतात, आणि उन्हाळ्यात केरळमध्ये ‘नारंङावेळ्ळम’ मागितले की लिंबाचे सरबत मिळते. फारस, अरबस्तान, इटली, फ्रान्स आणि इंग्लंड अशी प्रदक्षिणा करून, वाटेत ‘न’ गमावून आणि सोन्याचा ‘ओ’ लेवून आलेला ‘ऑरेंज’ आता कोचीच्या फळवाल्याकडे एका टोपलीत असतो, आणि जेथून तो निघाला त्या ‘नारंङ’ची टोपली त्याच्या शेजारीच असते.